पडणाऱ्या उमेदवाराला दिलेली वर्गणी कुठे जाते

2024च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या मतदारसंघातून एक अपक्ष उभा राहिला होता. तो निवडून येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. तरीही आम्ही पैसे दिले. दोन मोठ्या आघाड्यांच्या रेट्यात पाण्याचा आणि शाळांचा प्रश्न कुणीतरी मांडतोय, त्याच्या स्लिपा छापायला, रिक्षा फिरवायला मदत झाली पाहिजे, ही आमची भावना होती. आजही ती मला चुकीची वाटत नाही. त्या भावनेच्या जोरावर जे झालं ते मात्र लिहून ठेवायलाच हवं, कारण हाच माणूस आता पुढच्या निवडणुकीसाठी वर्गणी गोळा करतोय.

पत्रकावर एक क्यूआर कोड होता. खाली लिहिलं होतं, ‘लोकवर्गणीतून लोकांचा उमेदवार’. भाऊ (सगळे त्याला भाऊच म्हणत) रोज रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर जमा रकमेचा आकडा टाकायचे आणि देणाऱ्यांचे आभार मानायचे. निवृत्त शिक्षकांनी पेन्शनमधून दिलं, कॉलेजच्या पोरांनी शंभर-शंभर रुपये पाठवले. कोड स्कॅन केला की एका बाईंचं नाव यायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘माझ्या खात्यावर निवडणुकीचे निर्बंध आहेत ना, म्हणून घरातलं खातं दिलंय.’

खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे उमेदवाराला अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी फक्त निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. ते त्याच्या एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त चालतं. घरातली व्यक्ती निवडणूक प्रतिनिधी नसेल, तर तिच्याबरोबर संयुक्त खातंसुद्धा चालत नाही. सगळा खर्च या एकाच खात्यातून व्हायला हवा, आणि एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून 10,000 रुपयांच्या वर रोख देता येत नाही. म्हणजे स्कॅन केल्यावर उमेदवाराऐवजी भलत्याचंच नाव आलं, तर तिथेच थांबायचं. दुसरं काही तपासायची गरजही नाही.

प्रचार कसा झाला? अगदीच बेताचा. एक रिक्षा, तीही दुपारनंतर. बॅनर मोजकेच. शेवटच्या आठवड्यात तर स्लिपा वाटायला कार्यकर्त्यांनी स्वतःचं पेट्रोल जाळलं. ‘पैसे संपले’ असं सांगण्यात आलं आणि ग्रुपवर पुन्हा हाक दिली गेली, पुन्हा लोकांनी दिलं. 20 नोव्हेंबरला मतदान झालं, 23ला निकाल लागला. डिपॉझिट गेलं. त्याचं आश्चर्य नव्हतं. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तरच अनामत परत मिळते आणि बहुतेक अपक्षांना ती मिळत नाही. भाऊंनी ग्रुपवर भलंमोठं पत्र टाकलं. त्यात एक वाक्य होतं: ‘शेवटी मला पदरचे पैसे घालावे लागले.’ लोक हळहळले. कुणीतरी त्यांच्यासाठी आणखी वर्गणी काढायचंही सुचवलं.

हिशेब सांभाळणारा मुलगा आमच्याच गल्लीतला. बी.कॉम. झालेला, सरळ. तो एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, ‘मावशी, माझी सही आहे त्या कागदांवर, मला झोप लागत नाही.’ बिलं जुळवण्यासाठी त्याला त्या बाईंच्या खात्याचं स्टेटमेंट दिलं होतं. त्यात रिक्षावाला होता, छापखाना होता, आणि शेजारीच भाऊंच्या गाडीच्या कर्जाचा हप्ता, मोबाइलच्या दुकानाला गेलेली मोठी रक्कम, शिंप्याचं जॅकेटांचं बिल होतं. निकालानंतरच्या आठवड्यातलं दुसऱ्या शहरातल्या हॉटेलचं बिलही होतं. भाऊंनी त्याला सांगितलं होतं, ‘हे सगळं प्रचारच आहे, माणूस नीटनेटका दिसायला नको का?’

जॅकेटापुरता मी वाद घालणार नाही. सभेला उभं राहायचं तर कपडे लागतात. पण गाडीचा हप्ता निवडणूक नसती तरी भरावा लागलाच असता. अमेरिकेत प्रचारनिधीला नेमका हाच निकष लावतात: उमेदवारी नसती तरी हा खर्च झाला असता का? उत्तर ‘हो’ आलं तर तो खासगी खर्च, आणि प्रचाराच्या पैशातून तो करणं बेकायदा. तिथले कॅलिफोर्नियाचे खासदार डंकन हंटर यांनी 2019मध्ये प्रचारनिधी खासगी कामांसाठी वापरल्याचा गुन्हा कबूल केला आणि त्यांना अकरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे उमेदवाराने किती खर्च करावा याला मर्यादा आहे, महाराष्ट्रात विधानसभेसाठी 40 लाख. पण देणगीतल्या पैशाने स्वतःचा हप्ता फेडला का, हे निवडणूक यंत्रणा तपासत नाही. तिचं लक्ष जास्त खर्चाकडे असतं. आमच्या भाऊंनी कमी खर्च केला होता, म्हणून तिकडे ते अगदी स्वच्छ ठरले.

खर्चाचं रजिस्टर बघायचं मी ठरवलं. हे कुणालाही करता येतं, त्यासाठी उमेदवाराची परवानगी लागत नाही. निकालापासून 30 दिवसांत प्रत्येक उमेदवाराला, हरलेल्यालाही, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो दिला नाही आणि सबळ कारणही नसलं तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. दाखल झालेला हिशेब एक रुपया शुल्क भरून कोणीही पाहू शकतो, ठरलेलं शुल्क देऊन साक्षांकित प्रतही मिळते. 1961च्या निवडणूक नियमांतली ही तरतूद आहे. फार थोड्यांना ती माहीत असते, आणि असल्या माणसांचं नेमकं त्यावरच फावतं.

रजिस्टरचे तीन भाग असतात. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. पांढरी पानं मी भरभर उलटली. रिक्षा, ध्वनिक्षेपक, छपाई, सगळं जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे, एकही काना-मात्रा चुकलेला नाही. पिवळ्या पानावर मात्र माझा हात थांबला. त्या बाईंच्या खात्यातून निवडणूक खात्यात तीनदा रक्कम आली होती आणि स्रोताच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘उमेदवाराचा स्वनिधी’. इतरांकडून मिळालेल्या देणग्यांच्या जागी शून्य. शिक्षकांची पेन्शन आणि पोरांचे शंभर रुपये सरकारी कागदावर भाऊंचे स्वतःचे पैसे झाले होते. ग्रुपवर रोज रात्री आलेले आकडे मी कागदावर मांडून बेरीज केली. निवडणूक खात्यात आलेली रक्कम त्या बेरजेच्या निम्मीही भरत नव्हती.

त्या क्षणी मला राग पैशाचा आला नाही. ‘पदरचे पैसे घातले’ या वाक्याचा आला. आपण दिलेल्या पैशाचं श्रेय घेऊन वर आपल्याकडूनच सहानुभूती मिळवली होती.

भाऊंना आम्ही चौघांनी मिळून विचारलं. आधी हसण्यावारी नेलं, मग ‘विरोधकांनी तुम्हाला पाठवलंय’, मग डोळ्यांत पाणी. ‘एवढा अपमान सोसला, घरदार सोडून फिरलो, आता तुम्ही चोर ठरवता?’ आणि आमच्यातले दोघं तिथेच विरघळले. जिंकणाऱ्याकडे लोक हिशेब मागतात, त्याच्या मागे पत्रकार असतात, विरोधक असतात. हरलेल्याला पैशाचं विचारणं आपल्याला निर्दयपणाचं वाटतं. ज्याला हरायचंच आहे आणि वर्गणीही खायची आहे, त्याला दुसरं काय हवं?

आणखी एक थाप नोंदवते. मोठी रक्कम देणाऱ्यांना ‘आयकरात सूट मिळेल’ असं सांगितलं होतं. 1961च्या आयकर कायद्यातल्या कलम 80जीजीसीची सूट नोंदणीकृत राजकीय पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला, तीही रोखीने न दिलेल्या देणगीवर होती. अपक्ष उमेदवाराला दिलेल्या पैशावर ती नाही. एका गृहस्थांनी विवरणपत्रात ती दाखवली होती. सुदैवाने वेळेत दुरुस्त केली.

निवडणूक कार्यालयाने आमचा अर्ज घेतला आणि सांगितलं की देणग्या लपवल्याची नोंद ते वर कळवतील, पण पैसे परत मिळवून देणं त्यांच्या हातात नाही. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या 316 (विश्वासघात) आणि 318 (फसवणूक) या कलमांखाली तक्रार दिली आहे. पहिला प्रश्न आला, ‘स्वखुशीने दिलेत ना?’ उत्तर म्हणून आम्ही ते पत्रक पुढे ठेवलं: पैसे कशासाठी मागितले हे त्यावर छापलेलं आहे. त्या एका ओळीमुळे अर्ज निदान घेतला गेला. ज्यांच्याकडे पत्रकच उरलं नव्हतं, त्यांना पुन्हा पुन्हा परत पाठवलं.

हिशेब सांभाळणाऱ्या मुलाने जबाब दिला आहे. भाऊंनी ग्रुप बंद केला, जुने मेसेज बऱ्याच जणांच्या फोनमधून गेले. ज्यांनी त्या क्यूआर कोडवर पैसे पाठवले होते त्यांनी बँकेतून त्या काळाचं स्टेटमेंट काढावं, समोरच्या खात्याचं नाव आणि व्यवहार क्रमांक दिसेल असं, आणि तक्रारीला जोडायला आमच्याकडे द्यावं. शंभर रुपये दिले असतील तरी द्यावं. आत्ताच्या अर्जावर फारच थोडी नावं आहेत.