पाण्यातली म्हणून कुंडीतली झाडं गळ्यात मारली, कोल्हापूरकरांनो बघून घ्या

फिश टँकमध्ये लाइव्ह प्लांट लावायचा नाद नवीन नवीन लागलाय अशांनी हे वाचा. माझे २३५० रुपये गेले आणि सहातले चार निऑन टेट्रा मासे गेले ते वेगळेच. दुकानाचं नाव लिहीत नाही, उगं भांडण नको, आणि असला माल एकाच ठिकाणी मिळतो असं पण नाही.

टँक माझा दोन फुटी, ५५ लिटरच्या आसपास. दोन वर्षं प्लास्टिकची झाडं आणि तो तोंड उघडझाप करणारा शिंपला यावरच चाललेलं. गणपती उठल्यावर म्हटलं आता टँक हिरवागार करायचाच, व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलेलं. पेठेतल्या एका दुकानात गेलो तर टाकीत झाडं झकास उभी, एकाचं पान वरनं राखाडी-हिरवं आणि खालनं जांभळं, एकाला पांढरी किनार, एक बाणासारख्या पानाचं, शिवाय लकी बांबू. दुकानदार म्हटला, "भावा, सगळा इंपोर्टेड माल हाय, बेंगलोरवरनं येतोय." इंपोर्टेड आणि बेंगलोर एकाच दमात ऐकूनसुद्धा मला काही खटकलं नाही, बघा म्हणजे. पाच झाडं १४५० ला आणि वर 'कार्पेट सीड'ची पुडी ३०० ला, मॉन्टे कार्लोचं बी म्हणून, म्हणजे तळाला गालिच्यासारखं पसरणारं पाण्यातलं झाड.

मासे आठ दिवस टबात ठेवले, वाळू ओली करून बी पेरलं, पाचव्या दिवशी खरंच हिरवं हिरवं उगवलं आणि मी ऑफिसातल्या सगळ्यांना फोटो दाखवत सुटलो. मग पाणी भरलं, झाडं लावली, मासे सोडले. दहा-बारा दिवसांत ती हिरवळ शेवाळासारखी लिबलिबीत होऊन तरंगायला लागली. मॉन्टे कार्लो कपातनं नाहीतर मुळासकट गड्डीनं विकत मिळतं, पुडीतनं येतं ते जमिनीवरचं कसलंतरी बी असतं, ओलीवर उगवतं आणि पाण्याखाली मरतं, हे मला नंतर कळलं.

मग जांभळ्या पानाची कड काळी पडायला लागली. फोन केला तर म्हणतोय, "मेल्टिंग हाय ते, सुरुवातीला सगळीच झाडं मेल्ट होत्यात, घाबरू नका." इथंच मी फसलो, कारण मेल्टिंग ही गोष्ट खरी आहे. क्रिप्टोकोरायनी हे खरं पाण्यातलं झाड, ते नर्सरीत बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवतात, मग टँकमध्ये टाकलं की जुनी पानं विरघळतात पण मूळ जिवंत असतं आणि थोड्या दिवसांत पाण्यातली नवी पानं फुटतात. त्यानं ते खरं माझ्या खोट्या झाडांना चिकटवलं. वर ३५० ची खताची बाटली आणि २५० च्या सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या गोळ्या पण गळ्यात मारल्या, आणि मी शहाणा रोज सकाळी कोंब फुटलाय का बघत बसलो.

दसऱ्याच्या तोंडावर गडहिंग्लजची आत्या आली. टँकपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आरं हे आमच्या दारात कुंडीत हाय की, हे पाण्यात कशाला बुडवलंस? कुजतंय नव्हं!" बाणाच्या पानाचं सिंगोनियम, पांढऱ्या किनारीचं ड्रेसिना, लकी बांबू पण ड्रेसिनाच. जांभळ्याचं नाव तिलाबी माहीत नव्हतं, ते मी फोटोवरनं शोधलं, हेमिग्राफिस. नर्सरीत चाळीस-पन्नास रुपयाला कुंडीसकट मिळतात ही. याची पानं हवेतनं श्वास घ्यायला बनलेली, वर मेणासारखा थर, पूर्ण बुडवली की महिनाभर तग धरतात आणि मग मुळापासनं सडतात. मेल्टिंगसारखं नवं पान येत नाही, हाच फरक.

त्याच रात्री निऑन वर येऊन तोंड आ करून पाणी ओढत होते. सडक्या मुळांचा अमोनिया, माशांना विषच ते. झाडं उपसली तर वासानं घरातले बाहेर पळाले. नळाचं पाणी अँटी-क्लोरीन (क्लोरीन मारायचं औषध) घालून निम्मं बदललं, दुसऱ्या दिवशी परत, तरी चार गेलेच.

दुकानात गेलो तर म्हणतोय, "पाण्यातच ठेवलेली बघितलीसा की तुमी." आता यावर काय बोलणार.

आता कुठलंबी झाड घ्यायच्या आधी मी नाव विचारतो, 'रेड प्लांट' 'व्हाइट प्लांट' असलं नाव सांगितलं की निघतो, आणि दुकानातच उभं राहून मोबाईलवर फोटो शोधतो, कुंडीतलेच फोटो दिसले की संपला विषय. काहीजण सांगतात पाण्याबाहेर काढल्यावर मान टाकतं ते खरं पाण्यातलं, पण त्यावर जाऊ नका, अनुबियास नावाचं टँकमधलं झाड बाहेर पण ताठच राहतं आणि ते एक नंबर चालतं. फक्त त्याचा आडवा गड्डा वाळूत पुरायचा नाही, दगडाला नाहीतर लाकडाला दोऱ्यानं बांधायचा, जावा फर्न या दुसऱ्या झाडाचं पण तसंच. एका ओळखीच्याकडनं व्हॅलिसनेरिया या पाण्यातल्या झाडाची चार रोपं फुकट मिळाली, ती वाळूतनं धावे (नवी रोपं फुटणाऱ्या आडव्या फांद्या) सोडत सुटल्यात, आता मोजायचं सोडून दिलंय.

त्या पाचातलं सिंगोनियम तेवढं वाचलं. मुळं धुऊन गॅलरीत कुंडीत लावलं, आता ग्रीलवर चढलंय. पाणी घालतो एक दिवसाआड, बेतानंच.