देवास नाक्याचा डायनो: स्टेज 1 नंतर माझ्या पोलोचे घोडे खरंच किती वाढले

इंदूरमध्ये रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, पार्ट न बदलता केलं की स्टेज 1) करून देणारे आता गल्लोगल्ली झालेत पण केलेलं काम डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या मशिनवर, चढवून दाखवणारे फार कमी, म्हणून देवास नाक्याकडच्या या गॅरेजबद्दल जरा सविस्तर लिहितोय. नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला तिथे परत जायचंय. नाक्यावर रोलरवालं गॅरेज कुठे विचारलं की कोणीही हात दाखवतो.

गाडी माझी पोलो 1.0 टीएसआय (टर्बो पेट्रोल), 6 गियर मॅन्युअल, बीएस6. कंपनीचा आकडा 110 पीएस (हेच ते घोडे) आणि 175 न्यूटन मीटर टॉर्क. रीमॅप दुसऱ्या शहरातल्या एका ट्यूनरचा घेतला होता, त्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं 140 मिळणार. मी रीमॅपची फाईल टाकायच्या आधीच गाडी इथे आणली, स्टॉक रन काढली (म्हणजे काही न बदललेली गाडी रोलरवर पळवून मोजली), मग तिथेच बसून लॅपटॉपवरून फाईल टाकली आणि पुन्हा रन काढली. असंच करा मंडळी, नुसती मॅप टाकल्यानंतरची रन काढून आणलेला कागद घरी फ्रेम करण्यापलीकडे कामाचा नाही. सराफ्यात सोनं आधी एका दुकानात आणि मग दुसऱ्या दुकानात तोललं तर फरक सोन्याचा की काट्याचा कसं सांगणार, तसंच आहे हे.

आता मशिन. रोलरला ब्रेक आहे, एडी करंटवाला (चुंबकाने रोलर अडवणारा), म्हणजे नुसता जड ड्रम फिरवून मोजणारं नाही. ड्रमवाल्या मशिनमध्ये ठराविक वजनाचा रोलर किती वेगाने फिरायला लागला यावरून ताकद काढतात, ते पण चुकीचं नाही, पण टर्बो गाडीत ड्रम हलका असला की रन इतक्या पटकन संपते की खालच्या आरपीएमला बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) भरायलाच वेळ मिळत नाही. इथे रन किती सेकंदात वर न्यायची ते सेट करता येतं आणि गाडी एका आरपीएमवर धरून पण ठेवता येते. फक्त एक लक्षात ठेवा, आधीच्या आणि नंतरच्या रनला हे सेटिंग सेम आहे का ते विचारा. मी विचारलं, सेम होतं.

ऑपरेटर पोरगा आपल्या सुदामानगरचाच निघाला त्यामुळे पुढचं सगळं मराठीत झालं नाहीतर मालकाचं आपलं चालूच होतं, "भिया टेंशन मत लो, पच्चीस घोड़े तो पक्के." पोराने टायरची हवा स्वतः तपासली, पट्टे किती ताणले ते दोन्ही वेळेला सारखं राहावं म्हणून खूण करून ठेवली (पट्टा जास्त ओढला की टायर रोलरवर दाबला जातो आणि आकडा खाली येतो), चौथा गियर, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, तेल गरम झाल्याशिवाय रन नाही. हे सगळं न सांगता करणारा माणूस मला इंदुरात पहिल्यांदाच भेटला, त्याला पैकीच्या पैकी.

स्टॉक गाडीने चाकावर दिले 94. माझा चेहरा बघून तो म्हणाला दादा घाबरू नका, कंपनीचे 110 इंजिनच्या शाफ्टवर मोजलेले असतात, गियरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, टायर यात जे जातं ते गेल्यावर चाकावर एवढेच उरतात. बरोबर आहे. पण गंमत इथून पुढे सुरू होते. सॉफ्टवेअरमध्ये एक खाना आहे, ट्रान्समिशन लॉस किती टक्के, आणि तो हाताने भरायचा असतो. 15 भरला की 94 चे इंजिनवर 111 दिसतात, 20 भरला की 117 आणि वर अर्धा. तीच रन, तीच गाडी, आणि सात घोडे कीबोर्डमधून आले!

दुसरा खाना करेक्शनचा, म्हणजे त्या दिवशीच्या हवेचा दाब आणि तापमान बघून आकडा बदलायचा. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, हवेचा दाब सुमारे 950 मिलीबार, आणि एसएईच्या (गाड्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) हिशोबात 990 मिलीबार आणि 25 डिग्री धरतात, म्हणून मशिन आकड्याला वर खेचतं. माझ्या दिवशी सकाळी 28 डिग्री होतं तर साडेपाच टक्के वाढत होते, मे महिन्यात दुपारी 40 डिग्रीला गेलात तर आठ टक्क्यांपर्यंत जातं. बिनटर्बो गाडीला हे न्याय्य आहे कारण ती जेवढी हवा मिळेल तेवढीच ओढते. माझा मामेभाऊ बडोद्याहून स्विफ्ट घेऊन आलेला, तो नेहमी म्हणतो आमच्या बडोद्यात गाडी जास्त पळते आणि आम्ही त्याला हसायचो, पण त्याचं खरंच आहे, बडोदा जेमतेम 40 मीटरवर आहे, तिथे त्याच इंजिनला पाच-सहा टक्के जास्त हवा मिळते. टर्बोचं मात्र वेगळं, बाहेर दाब कमी असला तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टर्बोला जास्त फिरवून कमतरता बरीचशी भरून काढतो, वर परत करेक्शन लावलं म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे घेतल्यासारखं. मी पोराला म्हणलं करेक्शन बंद कर, त्याने लगेच केलं, मालकाचं तोंड जरा वाकडं झालं.

मॅप टाकल्यावर चाकावर आले 112, करेक्शनशिवाय. म्हणजे 18 वाढले, एकोणीस टक्के, आणि मी खूश आहे. आता ट्यूनरचे 140 कुठून आले ते बघा: 112 ला साडेपाच टक्के करेक्शन लावा, 15 टक्के लॉस धरा, 139 झाले. 20 धरले तर 148 छापून देता येतात आणि कोणी खोटं बोललं असंही म्हणता येत नाही. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्याच सेटिंगवर स्टॉक रन बघायची, माझी स्टॉक गाडी त्या हिशोबात 117 दाखवत होती, जी कंपनीच 110 ची म्हणून विकायची. काही इंजिनं कागदावर कमी सांगितलेली असतात हे मान्य, पण प्रत्येक गाडी तशी निघायला लागली तर खाने तपासा.

आणि खरं सांगू का, मला वरचे 18 पेक्षा मधला ग्राफ जास्त आवडला. 2500 आरपीएमला चाकावर 53 चे 65 झाले, टक्क्यात बघितलं तर टॉपपेक्षा जास्त. राऊ ते महू जाताना, बायपासवर ट्रकच्या मागून निघताना आपण याच भागात गाडी चालवतो, 5500 ला कोण रोज नेतंय. पण इन्स्टावर सगळे टॉपचाच आकडा टाकतात.

एका मित्राला ग्राफचा फोटो पाठवला तर तो म्हणे नकली आहे, पॉवर आणि टॉर्कच्या रेषा 5252 ला कापायलाच पाहिजेत. बाबा रे, ते हॉर्सपॉवर आणि पाउंड-फूटमध्ये, आणि दोन्हीची पट्टी एकच असेल तर. इथे पीएस आणि न्यूटन मीटर आहेत, त्यात ती जागा 7000 च्या थोडी पुढे येते आणि माझं इंजिन तिथपर्यंत जातच नाही, मग कापणार कुठून.

कोन फिल्टरची (शंकूसारखा उघडा एअर फिल्टर) पण हौस भागवून घेतली. बोनेट उघडं ठेवून स्टॉक फिल्टर आणि कोन फिल्टर, आलटून पालटून. फरक एक-दीड घोड्याचा, आणि काहीही न बदलता लागोपाठ काढलेल्या दोन रनमध्येही तेवढाच फरक येत होता, म्हणजे फिल्टरने काय दिलं हे या मशिनवर सांगताच येणार नाही. आवाज मात्र मस्त येतो, सुसू करतो, त्यासाठी घ्यायचा तर घ्या. मामेभावाच्या स्विफ्टच्या फ्री-फ्लो सायलेन्सरची गत तीच, आवाजावरून वाटतं दहा वाढले, कागदावर वर दोन आणि खाली 2000 ला उलट थोडे गेले. तो अजून मानत नाही.

आता तक्रारी. पहिली पंख्याची. समोर लावलेला ब्लोअर लग्नाच्या मांडवात लावतात त्यापेक्षा फार मोठा नाही, रस्त्यावर 100 च्या स्पीडला जी हवा लागते त्याच्या जवळपास पण नाही. माझ्या गाडीचा इंटरकूलर पाण्याचा, इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला, त्याचं पाणी पुढच्या रेडिएटरने थंड व्हायचं असतं, आणि पंखा लहान म्हणून लागोपाठ रन काढल्या की आत जाणारी हवा तापत जाते. ओबीडीवर (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला डोंगल लावून) बघत होतो, 41 डिग्रीवरून 60 ला गेली आणि ईसीयूने स्पार्कचं टायमिंग मागे घेतलं, चाकावरचे पाच घोडे गायब. मधे दहा-पंधरा मिनिटं बोनेट उघडून थांबलो तेव्हा परत आले. म्हणजे मालकाने ठरवलं तर स्टॉक रन तापलेल्या गाडीची आणि मॅपची रन थंड गाडीची काढून पाच घोडे फुकट दाखवू शकतो. माझ्या बाबतीत असं झालं नाही, पण तुम्ही ओबीडी डोंगल घेऊन जा, प्रत्येक रनच्या सुरुवातीचं तापमान लिहून ठेवा.

दुसरी स्मूदिंगची, म्हणजे ग्राफमधले बारीक चढउतार पुसण्याची. छापलेला ग्राफ लोण्यासारखा गुळगुळीत, स्मूदिंग कमी करायला लावलं तेव्हा 4800 च्या आसपास एक खड्डा दिसला. टाकीत साधं 91 ऑक्टेन थोडं उरलं होतं, त्यावर 95 भरलं होतं, मिक्स झालेलं, आणि मॅप 95 साठी बनवलेला, नॉक (पेट्रोल आपोआप अवेळी पेटणं) आला की ईसीयू टायमिंग मागे ओढतो. नुसता छापील कागद घेऊन आलो असतो तर कळलंच नसतं. पुढच्या वेळी पूर्ण 95 वर रन काढून बघणार.

एका सेशनचे साडेतीन हजार घेतात, बिल मागितलं तर जीएसटी वेगळा, दिवसभर गाडी तिथे राहिली तरी जास्त मागितले नाहीत हे चांगलं. बसायला एक बाकडं, चहा येतो, पोहे समोरच्या ठेल्यावर. रन चालू असताना पोरं गाडीच्या अगदी समोर मोबाईल घेऊन उभी असतात ते मात्र बंद करायला पाहिजे, पट्टा सुटला किंवा जुना टायर फाटला तर काय होईल याचा विचारच नाही. मी आमच्या भाच्याला ओढून बाजूला उभं केलं.

आणि हो, रीमॅपने वॉरंटी जाते, सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरला कळू शकतं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या स्पेसिफिकेशनपासून वेगळे बदल करू देत नाही, सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये तेच ठासून सांगितलंय. विमावाल्यांचं वेगळंच. हे डोक्यात ठेवूनच जा. रीमॅप न करता नुसती स्टॉक गाडी मोजायला गेलात तरी पैसे वाया नाहीत, जुन्या गाडीचं इंजिन किती दमलंय ते कळतं, सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

पाचपैकी साडेतीन देतो. पोरगा असेल त्या दिवशी चार. आधी फोन करून तो आहे का विचारा, सकाळची पहिली वेळ घ्या, आणि पेनड्राइव्ह न्या, कारण मागितल्याशिवाय ते फक्त ग्राफचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करतात, रनची मूळ फाईल देत नाहीत.