व्हिडिओ कॉलवरचं पालक-कोचिंग: ऑटिझममधल्या चावण्या-मारण्यावर कितपत चालतं?

स्वमग्न मूल रोज चावतं, ओरबाडतं, वस्तू भिरकावतं आणि जाणकार थेरपिस्ट घरापर्यंत येऊ शकत नाही, अशा घरांसाठी ही सेवा आहे. साधारण आठवड्यातून एकदा तासाभराचा व्हिडिओ कॉल असतो. मुलासमोर पालक बसतो, प्रशिक्षक पडद्यावरून बघतो आणि सांगतो. मुलाला हात लावायची सोयच नसल्याने प्रशिक्षकाला सगळं पालकाच्या हातून करून घ्यावं लागतं, आणि या सेवेचं खरं बळ तिथेच आहे. केंद्रात शहाण्यासारखं वागलेलं मूल घरी आलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, ही तक्रार इथे कमी होते, कारण सराव त्याच खोलीत, त्याच माणसांबरोबर झालेला असतो.

पद्धत हवेतली नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या गटाने 2016 मध्ये 107 लहान मुलांवरचे निष्कर्ष छापले. घरी जाऊन, दवाखान्यातल्या व्हिडिओवरून आणि थेट घरच्या व्हिडिओवरून, अशा तिन्ही प्रकारांत त्रासदायक वर्तन सरासरी 90 टक्क्यांहून जास्त घटलं आणि घरच्या व्हिडिओचा खर्च सर्वांत कमी आला. मात्र हे आकडे मुरलेल्या तज्ज्ञांच्या देखरेखीतले आहेत. बाजारात ‘ऑनलाइन पालक-कोचिंग’ नावाखाली जे काही मिळतं, त्या सगळ्याला ते लावू नयेत.

फरक पहिल्या दोन-तीन कॉलमध्येच कळतो. मूल का चावतं हे न बघताच ‘दुर्लक्ष करा’, ‘कोपऱ्यात बसवा’ असे सल्ले मिळाले, तर पैसे वाया. कामातून सुटण्यासाठी चावणाऱ्या मुलाला कोपऱ्यात बसवलं, म्हणजे त्याला हवं तेच आयतं दिलं. चांगली सेवा आधी कारण शोधते. चावण्याआधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, या तीन गोष्टींची नोंद पालकाकडून करून घेते. मग कॉलवर पाच-पाच मिनिटांच्या चाचण्या होतात: एकदा मोकळा खेळ, एकदा आवडतं खेळणं काढून घेणं, एकदा काम सांगणं, एकदा पालकाने मुद्दाम दुसरीकडे लक्ष देणं. त्रास ज्या चाचणीत उसळतो तिथे कारण सापडतं. चारही चाचण्यांत आणि मूल एकटं असतानाही वर्तन सारखंच राहिलं, तर ते बहुधा शरीराच्या संवेदनेसाठी असतं आणि पुढचा मार्ग वेगळा, जास्त वेळखाऊ होतो.

कारण ‘काम टाळणं’ निघालं, तर उपचार असा: पालकाच्या हाताशी ‘ब्रेक’चं एक कार्ड. काम अगदी छोटं, ठोकळा डब्यात टाकण्याइतकं. मुलाने ठोकळा टाकला की लगेच, त्याची चिडचिड सुरू व्हायच्या आत, त्याचा हात कार्डापर्यंत न्यायला मदत करायची. कार्डाला हात लागला की ‘ब्रेक हवा? घे!’ म्हणत दोन मिनिटं खेळ. जमू लागलं की ब्रेकआधी दोन ठोकळे, मग चार. मदतही हळूहळू काढायची: आधी हात धरून, मग कोपराला स्पर्श, मग नुसता इशारा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुलाने मारल्यावर घाईघाईने कार्ड पुढे करणं. मूल मग ‘आधी मार, मग कार्ड, मग सुट्टी’ अशी साखळीच शिकतं. मारलं तर काही सेकंद शांततेची वाट बघायची, काम पुन्हा सोपं करून द्यायचं आणि पुढच्या वेळी कार्ड आधी आणायचं. दुसरी चूक घाईची. दोन दिवस बरे गेले की पालक एकदम दहा ठोकळे मागतात आणि सगळं कोसळतं. तिसरी म्हणजे आजी-आजोबांना काही सांगितलेलंच नसतं. एकाने कार्ड मानायचं आणि दुसऱ्याने आरडाओरडीला मोबाइल द्यायचा, असं चाललं तर आरडाओरडच जिंकते.

मुलाची चावण्या-मारण्याची जुनी युक्ती चालेनाशी झाली की ते वर्तन आधी वाढू शकतं. हे प्रशिक्षकाने आधीच सांगायला हवं, नाहीतर नेमकं त्याच आठवड्यात पालक सेवा सोडतात.

साधनांचं म्हणाल तर फोन हातात धरून चालत नाही. छोट्या ट्रायपॉडवर, पालक आणि मूल दोघंही पूर्ण दिसतील अशा कोपऱ्यात तो लावावा. पालकाच्या एका कानात ब्लूटूथ इयरफोन हवाच. प्रशिक्षकाचा आवाज स्पीकरवर आला की मूल पडद्याकडे धावतं आणि ‘आता कार्ड द्या’ हे त्यालाही ऐकू जातं. इंटरनेट अडखळत असेल तर सूचना दोन सेकंद उशिरा पोहोचते, आणि या कामात दोन सेकंद फार असतात. म्हणून प्रत्येक फेरीआधी काय करायचं हे बोलून ठेवणारा प्रशिक्षक निवडावा. खोलीतून काच आणि जड वस्तू आधीच हलवाव्यात.

ही सेवा सगळ्यांसाठी नाही. डोकं आपटून जखमा होत असतील, मूल अखाद्य वस्तू गिळत असेल किंवा पालकालाच इजा होत असेल, तर प्रत्यक्ष हजर तज्ज्ञ लागतो. वर्तन अचानक सुरू झालं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांकडून कान, दात, पोट आणि झोप तपासून घ्यावी. दुखणाऱ्या दाढेवर कार्डाचा इलाज नाही. आणि हात फडफडवणं, गोल फिरणं अशा निरुपद्रवी सवयी बंद करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांबच राहा. या सवयी मुलाला सावरायला मदत करत असतात.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: रेकॉर्डिंग कोण बघतं आणि कधी पुसतं? कॉल चालू असताना कुणाला लागलं तर काय करायचं ठरलंय? आणि दर आठवड्याला वर्तनाचा आलेख दाखवणार का? तिसऱ्याला ‘तुम्हालाच फरक जाणवेल’ असं उत्तर आलं, तर दुसरी सेवा शोधा.