वाळूतला मंगळ: एआर सँडबॉक्स, आठ महिन्यांच्या वापरानंतर

डोंगर उकरायचा, दरी बुजवायची, हात वर धरून पाऊस पाडायचा आणि पाणी कुठे साचतं ते बघायचं. ग्रहाची जमीन बदलण्याचं स्वप्न एका पेटीत उतरवणारं हे यंत्र. एआर म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी, खऱ्या वस्तूवर संगणकाचं चित्र चढवणं. वर टांगलेला कायनेक्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स खेळयंत्राचा अंतर मोजणारा कॅमेरा, वाळूची उंची मोजतो आणि प्रोजेक्टर तिच्यावर उंचीप्रमाणे रंग, समोच्च रेषा आणि पाणी टाकतो. सॉफ्टवेअर डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ऑलिव्हर क्रायलोस यांनी लिहिलेलं. फुकट आहे, पण संगणकावर विंडोजऐवजी लिनक्सच लागतं. नाशिकमध्ये आठ महिने ते मंगळ आणि गोदावरी खोरं, दोन्हीसाठी वापरलं.

आधी वाळूचं बोलू, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. नाशिकमध्ये सहज मिळते ती क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. ती काळ्या कातळाची, म्हणजे बेसॉल्टची. तिच्यावर प्रोजेक्टरचा निळा रंग पडतच नाही, सगळं शेवाळ आल्यासारखं दिसतं. नदीची वाळूही करडीच. पाण्याच्या फिल्टरात वापरतात ती पांढरी सिलिका वाळू बारीक दाण्याची घ्या, पण धुतलेलीच. सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसाला घातक असते, त्यामुळे ओतताना मास्क हवाच. पेटी १०० बाय ७५ सेंटिमीटर आणि वाळूचा थर १० सेंटिमीटर धरला तर वजन ११० किलोच्या आसपास जातं. घरातल्या टेबलावर हे ठेवू नका. लोखंडी अँगलची चौकट आणि ब्रेकवाली चाकं करून घ्या.

कायनेक्ट पहिल्या पिढीचा, मॉडेल १४१४ असेल तर उत्तम. जुन्या बाजारात मिळतो, पण वीज आणि यूएसबी जोडणारा अडॅप्टर सोबत आहे का ते घेतानाच बघा. त्याशिवाय तो संगणकाला लागतच नाही. सेन्सर वाळूपासून साधारण एक मीटर वर, पेटीच्या बरोबर मध्यावर. प्रोजेक्टर ४:३ चा आणि शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळूनच मोठं चित्र टाकणारा. रुंद पडद्याचा घेतला तर दोन्ही बाजूंचा उजेड पेटीबाहेर वाया जातो.

जुळवणीत तीन कामं. आधी वाळू सपाट करून पेटीचा पाया आणि चार कोपरे मोजायचे. मग जुन्या सीडीवर पांढरा कागद चिकटवून त्यावर केंद्रातून जाणारी फुली काढायची आणि तिला तारेचा दांडा लावायचा. शेवटी प्रोजेक्टर दाखवेल त्या फुलीखाली ही सीडी नेमकी धरायची. असे बारा बिंदू घ्यायचे. सीडी दर वेळी वेगळ्या उंचीवर धरा. सगळे बिंदू एकाच पातळीवर घेतले की सपाट वाळूवर चित्र चोख बसतं आणि डोंगर केला की रंग शिखरावरून घसरतो. ही चूक जवळजवळ सगळेच एकदा करतात. छताचा पंखा चालू असेल आणि कायनेक्ट जिला टांगलाय ती पट्टी हलकी असेल, तर समोच्च रेषा थरथरत राहतात. पंखा बंद करा, नाहीतर पट्टी जाड घ्या. खिडकीतून ऊन आलं तर उन्हाच्या पट्ट्यात सेन्सर आंधळा होतो, कारण तो अवरक्त ठिपके टाकून उंची मोजतो.

वाळू हलवली की रंग बदलायला सेकंदभर लागतो. बिघाड नाही तो. सॉफ्टवेअर तीस चौकटींची सरासरी काढून मगच बदल मानतं, म्हणून हात मध्ये आला तरी लगेच डोंगर उगवत नाही. पावसाची उंची मात्र नीट ठरवा. खाली ठेवली तर खणणाऱ्या मुलांच्या कोपरातूनच पाऊस पडू लागतो. पाणी सुकवायची कळही आधीच नेमून ठेवा, नाहीतर अर्ध्या तासात सगळीकडे पूर. ग्राफिक्स कार्ड अशक्त असेल तर पाणी काकवीसारखं सरकतं.

आता मंगळ. हेलास खोरं सुमारे २,३०० किलोमीटर रुंद आणि ७ किलोमीटरहून खोल. खऱ्या प्रमाणात ते ७५ सेंटिमीटर पेटीत बसवलं तर खोली येते सव्वादोन मिलिमीटर, आणि एक मीटरवरून कायनेक्टला तेवढा फरक धड कळतही नाही. म्हणून उंची तीसपट फुगवावी लागते. ऑलिम्पस मॉन्स हा तिथला ज्वालामुखी त्या मानाने सोपा: ६०० किलोमीटर रुंद, सुमारे २२ उंच, म्हणजे ६० सेंटिमीटर पायथ्याला २.२ सेंटिमीटर उंची. ब्रह्मगिरी ते नाशिक हा ३० किलोमीटरचा पट्टा मीटरभरात घेतला, तर डोंगर आणि शहर यांच्यातला साधारण ७०० मीटरचा फरकही तेवढाच भरतो. तीन-चार पट फुगवलं की दोन्ही छान दिसतात.

पण फुगवलेल्या उतारावर पाणी खोट्या वेगाने धावतं. पाणी कुठे जाईल, यासाठी ही पेटी अव्वल. किती वेळात जाईल, हे तिला विचारू नका. गंगापूरचं धरण वाळूत बांधून फोडायचा मोह सगळ्यांना होतो. त्या पुरावरून पंचवटीत किती वेळात पाणी येईल याचा हिशेब कोणी काढू लागलं तर थांबवा. पाणी मुरत नाही, वाळू झिजवत नाही. आणि मंगळावर हवेचा दाब जेमतेम ६ मिलिबार, तिथे असं निळं तळं टिकणारच नाही, हे मुलांना आधीच सांगावं लागतं. पेटीला दाब आणि तापमान ठाऊक नाही.

उंचीचे नकाशे फुकट मिळतात: मंगळासाठी नासाच्या मोला या लेझरने उंची मोजणाऱ्या उपकरणाचे, आपल्याकडे एसआरटीएमचे, म्हणजे अंतराळयानातून रडारने केलेल्या पृथ्वीच्या मोजणीचे. नकाशा चढवला की वाळू कुठे जास्त, कुठे कमी ते लाल-निळ्यात दिसतं. त्याबरहुकूम हाताने भरत जायचं. सुरुवातीला तासभर जातो.

देखभाल थोडी, पण चुकवू नका. वाळू किंचित ओली असली तरच कडे उभे राहतात, कोरडी ढासळते. दोन दिवसांआड हाताच्या स्प्रेने पाणी मारा. बागेत औषध मारलेला पंप धुऊनसुद्धा वापरू नका, मुलांचे हात त्यात असतात. पावसाळ्यात उलट त्रास: झाकण लावून ठेवली की कुबट वास येतो आणि कोपऱ्यात लाल मुंग्या घर करतात. तेव्हा झाकण उघडं ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा वाळू तळापासून उलथायची.