हजार रुपयांत तीन श्रेयांक: एनपीटीईएलच्या दोन अभ्यासक्रमांनंतर

सकाळी कॉलेज आणि दुपारी चारपासून नागपुरात बर्डीवरच्या संगणकाच्या दुकानात बिलिंग, असा माझा दिनक्रम आहे. बीसीएची पदवी कोणताही खासगी क्लास न लावता पूर्ण करायची असे ठरवले होते, म्हणून गेल्या दोन सत्रांत ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावरून मी एनपीटीईएलचे दोन अभ्यासक्रम केले. अभ्यासक्रम उत्तम आहेत. त्यांचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आपल्या पदवीत जमा करून घेणे हे मात्र निराळे काम असून त्याची सुरुवात अभ्यासाच्या आधी करावी लागते, हे मला एक सत्र वाया गेल्यावर कळले.

एनपीटीईएल हा सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेला ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम आहे. नोंदणी, व्हिडिओ आणि असाइनमेंट यांना एक रुपयाही लागत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेसाठी प्रत्येक विषयाला १,००० रुपये भरावे लागतात. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एक, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला दोन आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तीन श्रेयांक असा साधारण हिशेब आहे.

पहिला घेतला तो आयआयटी रोपडचे प्रा. सुदर्शन अय्यंगार यांचा ‘द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथॉन’, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारा, बारा आठवड्यांचा. प्रोग्रॅमिंगची भीती असलेल्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगली सुरुवात मला ठाऊक नाही. व्याख्येपासून आरंभ न करता ते खेळापासून करतात: सापशिडी, लॉटरी, वीस प्रश्नांत मनातली गोष्ट ओळखणे. दर प्रश्नाला शक्यता निम्म्या करत गेलो, तर दहा लाख आकड्यांतला एक आकडा वीस प्रश्नांत सापडतो, हे कळले त्याच आठवड्यात दुकानात एक गिऱ्हाईक वॉरंटीसाठी जुन्या बिलाचा क्रमांक घेऊन आले. एरवी मी बिलांचा गठ्ठा पहिल्यापासून चाळत बसलो असतो. त्या दिवशी गठ्ठा मधोमध उघडला, क्रमांक पुढचा की मागचा ते पाहिले, उरलेला अर्धा पुन्हा मधोमध उघडला, आणि सातव्या खेपेला बिल हाती आले. शेठ काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून जुनी बिले शोधण्याचे काम कायमचे माझ्याकडे आले आहे.

गुणांची विभागणी नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला मानवणारी आहे. बारापैकी उत्तम आठ असाइनमेंटची सरासरी पंचवीस गुणांत धरतात आणि उरलेले पंचाहत्तर गुण परीक्षेचे असतात. उत्तीर्ण होण्यासाठी असाइनमेंटमध्ये किमान दहा आणि परीक्षेत किमान तीस गुण वेगवेगळे मिळवावे लागतात. मुदत टळली की असाइनमेंट गेलीच. दिवाळीच्या किंवा मार्चअखेरच्या गर्दीत एखादा आठवडा हातचा जाणारच, तेव्हा ही ‘आठपैकी आठ’ नसून ‘बारापैकी आठ’ची सवलत फार उपयोगी पडते.

परीक्षा घरी बसून देता येत नाही आणि या प्रमाणपत्राला जी काही किंमत आहे ती माझ्या मते त्यामुळेच आहे. माझे केंद्र हिंगणा रोडवर होते, सत्र दुपारचे आणि महिना एप्रिलचा. मेट्रोच्या ॲक्वा लाइनने लोकमान्य नगरला उतरून डोक्याला दुपट्टा गुंडाळून चालत गेलो. आत तीन तास संगणकासमोर. पायथॉनचा तुकडा देऊन पडद्यावर काय छापले जाईल असे विचारतात, तेव्हा पाठांतर कामाला येत नाही. यादीला दुसरे नाव दिले म्हणजे याद्या दोन होत नाहीत, नावे तेवढी दोन होतात, ही गोष्ट ज्याला समजली नसेल तो तिथे अडकतो. मला ६८ गुण मिळाले, म्हणजे ‘एलिट’ श्रेणीचे प्रमाणपत्र.

प्रमाणपत्र घेऊन कॉलेजात गेलो तेव्हा सांगण्यात आले, की हा अभ्यासक्रम कॉलेजने मंजूर केलेल्या यादीत नाही आणि मी पूर्वपरवानगीही घेतलेली नाही, त्यामुळे श्रेयांक जमा होणार नाहीत. यादी कुठे लावली होती, याचे उत्तर तीन टेबलांवर तीन मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये ‘स्वयम्’च्या श्रेयांकांना सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांच्या वीस टक्क्यांपर्यंत आणि २०२१ च्या नियमांनी चाळीस टक्क्यांपर्यंत वाव दिला आहे, पण वाव म्हणजे हक्क नव्हे. कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाऐवजी चालेल, हे शेवटी आपली संस्थाच ठरवते.

म्हणून जुलैमध्ये आयआयटी खरगपूरचे प्रा. पार्थप्रतिम दास यांचा डेटाबेसचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम घेण्याआधी मी आमच्या विषयाचा आणि त्यांचा आराखडा शेजारी शेजारी मांडून विभागप्रमुखांना अर्ज दिला आणि त्यावर लेखी होकार घेतला. येथेही एक अडचण निघाली. आमचा डेटाबेसचा विषय चार श्रेयांकांचा आहे आणि या अभ्यासक्रमाचे दोनच, त्यामुळे तो विषय टळला नाही. दोन श्रेयांक ऐच्छिक विषयाखाली जमा झाले. अभ्यासक्रम कसदार आहे, पण स्लाइडवर मजकूर दाटीने भरलेला असतो आणि नॉर्मलायझेशनचे, म्हणजे तीच माहिती पुन्हा पुन्हा येऊ नये अशी तक्त्यांची मांडणी करण्याचे, व्हिडिओ मला तीनदा पाहावे लागले. श्रेयांक साठवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी डिजिटल व्यवस्थेतले खाते आधीच उघडून ठेवावे. तेथे श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वैध राहतात.

पैशांचे म्हणाल, तर श्रेयांक मिळाले म्हणून माझ्या कॉलेजने शुल्कात काहीही सूट दिली नाही. वाचली ती क्लासची फी. ज्यांनी अजून कुठेच प्रवेश घेतलेला नाही, त्यांनी आयआयटी मद्रासच्या २०२० पासून सुरू असलेल्या ऑनलाइन पदवीचाही विचार करावा. तेथे जेईई लागत नाही, चार आठवड्यांच्या पात्रता फेरीतून प्रवेश मिळतो, शुल्क घेतलेल्या विषयांपुरतेच भरावे लागते आणि मधल्या टप्प्यावर प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा घेऊन थांबताही येते. मी दुसऱ्या वर्षात आहे, त्यामुळे ती वाट माझ्यासाठी आता लांबची आहे.

जानेवारीच्या सत्रात ऑपरेटिंग सिस्टिमचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेणार आहे. नोंदणी अजून केलेली नाही. अर्जाची शिक्का मारलेली पोच मात्र फाइलला लावून ठेवली आहे.