कारवानीसाठी शिवून घेतलेला मार्टिंगेल पट्टा (लष्कर, ग्वाल्हेर)

कारवानी (म्हणजे मुधोळ हाउंड), पश्मी किंवा रामपूर हाउंड असं सडपातळ शिकारी कुत्रं घरात असेल तर साध्या बकलच्या पट्ट्यावर पैसे घालवू नका. मार्टिंगेल घ्या, म्हणजे दोरी ताणली की ठरल्या मापापर्यंतच आवळणारा पट्टा. या कुत्र्यांचं डोकं निमुळतं असतं आणि कानामागचा गळा जवळपास तेवढाच जाड. कुत्रं बिचकून मागे सरलं की पट्टा कानांवरून निघून तुमच्या हातात येतो. एकदा सुटलेल्या कारवानीच्या मागे धावण्यात काही अर्थ नसतो.

टेकनपूरच्या बीएसएफ केंद्रात मुधोळ आणि रामपूर हाउंडना प्रशिक्षण मिळतं. पण तिथून जवळच असलेल्या ग्वाल्हेरच्या दुकानांत मार्टिंगेल मागितला तर पुढ्यात येतो तो अडीच सेंटिमीटर रुंदीचा नायलॉनचा, प्लास्टिकच्या क्लिपचा आणि लॅब्राडोरच्या गळ्याचा. त्याची कड पातळ कातडीला काचते, गळ्याखालचे केस झडतात आणि जोराच्या हिसक्याला क्लिप दगा देते. त्यापेक्षा शहराच्या लष्कर भागात घोड्यांचे साज शिवणाऱ्या कारागिराकडून ७०० रुपयांत शिवून घेतलेला चामड्याचा पट्टा कितीतरी सरस आहे. मात्र माप आपणच द्यायचं. ‘मध्यम साइज’ सांगितलंत तर काम फसलंच.

मापं दोन. एक कानांच्या लगेच मागे, गळ्याच्या वरच्या टोकाला. दुसरं डोक्याच्या सर्वांत रुंद भागावर. समजा गळा ३५ सेंटिमीटर आणि डोकं ३८. मग एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंतची मुख्य पट्टी ३१ आणि दोन्ही कड्यांतून जाणारा छोटा फास एकूण २० सेंटिमीटर लांबीचा. पट्टा सैल सोडला की ४० च्या आसपास उघडतो, म्हणजे डोक्यावरून सहज जातो. दोरी ताणली की ३५ वर आवळतो आणि दोन कड्यांत चारेक सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं अंतर उरतं. ताणल्यावर कड्या एकमेकींना भिडल्या तर पट्टा ढिला आहे, निघणार. न ताणताही बोट शिरत नसेल तर तो दिवसभर गळा आवळत राहणार.

रुंदी पाच सेंटिमीटर सांगा. हिसक्याचा भार सगळ्या मानेवर पसरतो. शिलाई नायलॉनच्या दोऱ्याची हवी, सुती दोरा पावसाळ्यात कुजतो. कड्या वेल्ड केलेल्या घ्या. नुसती तार वाकवून केलेली कडी सांध्यातून उघडते. नखाने सांधा चाचपून पाहिला की लगेच कळतं. या कारागिराची शिलाई बारीक आणि सरळ आहे, आतलं मखमलीचं अस्तर कडेवर वळवून शिवलेलं आहे. खोट दोन ठिकाणी निघाली. नको सांगूनही त्याने फासाच्या टोकाला रिव्हेट ठोकलं होतं, ते काढून शिलाई घालून घ्यावी लागली. आणि चामड्याचा तपकिरी रंग सुटतो. फिकट कारवानीच्या गळ्याभोवती डाग नको असेल तर आधी ओलं पांढरं फडकं त्यावर घासून बघा. फडकं कोरं राहीपर्यंत पट्टा घालू नका.

चामडं वापराने ताणतं, म्हणून पहिल्या पंधरवड्यानंतर दोन बोटांची तपासणी पुन्हा करायची. भिजलाच तर सावलीत सुकवून सॅडल सोपचा (चामड्याच्या साबणाचा) हात फिरवावा. खोबरेल चोपडलं तर चामडं लिबलिबीत होतं आणि माप बिघडतं.

हा पट्टा फक्त फिरायला नेताना घालायचा. घरी आलं की काढून ठेवायचा. लोंबता फास फाटकाच्या कडीत किंवा खेळताना दुसऱ्या कुत्र्याच्या दातात अडकला तर जिवावर बेततं. मार्टिंगेलने कुत्रं बांधून ठेवणं तर सक्त मनाई. फोन नंबरचा बिल्ला हलक्या, वेगळ्या पट्ट्याला लावा.

सोबतची दोरी दीड-दोन मीटरची, सपाट घ्या. आपोआप गुंडाळणारी अजिबात नको: मांजर किंवा खार दिसली की हे कुत्रं चार-सहा ढांगांत भरधाव सुटतं, दोरी संपते आणि सगळा झटका मानेला बसतो. जानेवारीतल्या ग्वाल्हेरच्या धुक्यात स्वेटर घालणं बरोबरच, पण पट्टा त्यावरून बांधू नये. लोकरीवरून तो सरकतो. आधी कातडीलगत पट्टा, मग स्वेटर, आणि दोरी बाहेर यायला मानेशी एक काज.

फारच बुजऱ्या कुत्र्याला एवढ्यावर सोडू नका. शेवटच्या बरगडीमागे, कंबरेशी तिसरा पट्टा येणारा हार्नेसही घाला. साध्या हार्नेसमधून ही बारीक कंबरेची कुत्री उलटी निघतात. हा कारागीर असा हार्नेसही शिवतो, पण लग्नसराईत घोड्यांच्या साजापुढे कुत्र्यांचं काम मागे पडतं. दिवाळीआधीच माप देऊन या.