प्रकटीकरणाचा अभ्यास घ्यायचाय, पण कोणत्या पद्धतीने?

नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. म्हणून नागपुरात बायबल अभ्यासाला अँग्लिकन वळणाच्या आजी आणि बॅप्टिस्ट घरातले काका शेजारी बसतात. तिथे प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला: त्यातलं श्वापद कोण? अभ्यास घेणाऱ्याने आपली वाट आधीच ठरवलेली बरी.

तेराव्या अध्यायातला ६६६ हा श्वापदाचा आकडाच घ्या. बरंचसं भाकीत पहिल्या शतकात पूर्ण झालं असं मानणारे म्हणतात, हा रोमन सम्राट नीरो. ‘नेरोन केसर’ हिब्रू अक्षरांत लिहून प्रत्येक अक्षराच्या ठरलेल्या किमतीची बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि नावाचं लॅटिन रूप घेतलं तर तेही जुळतं. मला हा पुरावा भक्कम वाटतो. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं, त्यामुळे ‘ही पिढी सरण्याआधी हे सगळं होईल’ हे मत्तय २४ मधलं येशूचं बोलणंसुद्धा सरळ समजते. पण पुनरुत्थान आणि प्रभूचं आगमनही होऊन गेलं असं कोणी म्हणू लागलं, तर मेलेल्यांचं पुनरुत्थान प्रभूच्या आगमनाच्या वेळी होईल असं सांगणाऱ्या १ करिंथ १५ पुढे ते टिकत नाही.

भविष्यवादी वाचनात चौथ्या अध्यायापासून पुढचं सगळं अजून घडायचं आहे. यूट्यूबवरची बहुतेक प्रवचनं याच वाटेची: आधी मंडळी, म्हणजे सगळे विश्वासणारे, स्वर्गात उचलली जाणार, मग सात वर्षांचं महासंकट. ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने रुजवली आणि १९०९ च्या, टिपांसह छापलेल्या स्कोफिल्ड बायबलने घरोघर नेली. प्रभू येणार ही आशा ती जागती ठेवते, याचं मोल मोठं आहे. पण ज्या सात मंडळ्यांना प्रकटीकरण लिहिलं, त्यांतल्या छळ सोसणाऱ्या स्मुर्णाच्या विश्वासणाऱ्यांना मग या पत्राचा काय उपयोग होता?

मंडळीच्या इतिहासावर एकेक भाकीत बसवत जाणारी पद्धत मी सुचवणार नाही. भाकितातल्या एका दिवसाला एक वर्ष धरून अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी प्रभूच्या आगमनाची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली, ती तशीच गेली आणि हजारो लोक खचले. शिवाय या पद्धतीत बहुधा येतं तसं, पोप म्हणजे ख्रिस्तविरोधी, हे शिकवून कॅथलिक शेजाऱ्यांना नाताळच्या शुभेच्छा कशा द्यायच्या?

प्रत्येक काळातला सत्याचा आणि असत्याचा लढा पाहणारं प्रतीकात्मक वाचन लागू करायला उत्तम, पण एकटं घेतलं तर रोमने विश्वासणाऱ्यांचा केलेला छळ पुसट होतो.

माझा कौल: पाया पहिल्या शतकाचा, लागू करणं प्रतीकांतून, आणि शेवटचे तीन अध्याय येणाऱ्या आशेचे. सुरुवात मात्र दानीएल ७ पासून करा. तिथले सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचा प्राणी प्रकटीकरण १३ मध्ये एकाच श्वापदात एकवटलेत. दोन्ही उतारे शेजारी ठेवून मोठ्याने वाचायला लावा. पहिली बैठक तेवढ्यावरच जाईल.